खिडकीपुढचा पत्रा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलापाशी नाही, आणि देवीपुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा तिच्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतो. ऐका.

तुळजापुरात माझं घर चढावर आहे. खाली मी एकटा राहतो आणि वरच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं देतो. खोल्यांपुढं उघडी गच्ची, गच्चीपलीकडं उतरत गेलेलं गाव, डोंगर, आणि मधोमध देवळाचा कळस. देवळापर्यंत जाणं झालं नाही तर लांबून कळसाला हात जोडावेत, दर्शन घडतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून खोली बघायला आलेला माणूस आधी त्या खिडकीपाशी जातो.

तेही गेले — एक वयस्कर गृहस्थ. बायको खाली रिक्षातच बसून होती. पक्षाघातानं तिचं डावं अंग गेलेलं. जिना कसा चढणार, असं मी म्हणालो, तर ती हसली. “एकदाच चढायचाय, गुरुजी. उतरायचं कुठं हाय मला? कळस दिसतो का, तेवढं सांगा.”

गृहस्थांना मी आवाजावरून ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही.

तरुणपणी मी येरमाळ्याकडच्या एका शाळेत शिकवायचो. हे साहेब तपासणीला आले. फळ्यावर माझी एक बेरीज चुकली होती — चुकली होतीच, नाही कशाला म्हणू? त्यांनी मला खडू खाली ठेवायला लावला, चौथीच्या पोरांमध्ये बाकावर बसवलं आणि तेच गणित एका पोराकडून मला शिकवून घेतलं. पोरं हसली. साहेबही हसले. त्या दिवसापासून मी बाकगुरुजी झालो. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत — “बाकगुरुजी, सरका की जरा.” बदली झाली, तर नाव माझ्याआधी नव्या गावात पोचलेलं.

आणि साहेबांना यातलं काहीच आठवत नव्हतं! काय शिकवायचात, त्यांनी विचारलं. गणित, मी म्हणालो. “वा,” ते म्हणाले. तो “वा” मला बाकापेक्षा जास्त लागला.

खोली मी दिली. आजारी बाईची दया आली म्हणून दिली, असं गल्लीत सगळ्यांना वाटलं. मी वाटू दिलं.

तिची खाट खिडकीशी लावली होती. सकाळी ती उजव्या हातानं डावा हात उचलायची, छातीशी आणायची आणि मग दोन्ही जोडायची. मी गच्चीवर तुळशीला पाणी घालताना बघायचो. साहेब बाहेर कधी बघायचे नाहीत, पण ते तिच्याकडं बघत बसायचे. तेव्हा मला कळलं, यांना कुठं दुखेल ते.

मग मी गच्चीवर पत्रा उभा करून घेतला, बरोबर त्या खिडकीसमोर. टाकीचं पाणी तापतं, आडोसा पाहिजे, असं सांगितलं. टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

साहेब खाली आले. माझ्या दारात एक बाक आहे. “बसा, साहेब,” मी म्हणालो. ते बसले, मी उभाच राहिलो. पत्रा जरा बाजूला घेता आला तर बरं होईल, हिला तेवढाच विरंगुळा आहे — असं ते खाली बघत बोलले. “बघू,” मी म्हणालो. ते पुन्हा आले, पुन्हा बसले. कितीदा तरी. किती गोड वाटायचं म्हणून सांगू? आज आठवलं तरी वाटतं.

इथवर तुम्ही कदाचित माझ्या बाजूनं असाल. पण खरी गोष्ट पुढं आहे.

एकदा साहेब औषधं आणायला गेले असताना तिनं मला वर बोलावलं. पत्र्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, “गुरुजी, आमच्या साहेबांनी तुमचं काय वाईट केलंय का? त्यांच्या तोंडानं लई जणं दुखावलीत. म्या बघितलंय. सांगा. म्या त्यांना तुमच्या पाया पडायला लावते.”

लावलंही असतं तिनं. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्यापुढं ठेवलं होतं — मी फक्त तोंड उघडायचं होतं. आणि मी काय म्हणालो?

“छे हो, ताई. मी तर त्यांना ओळखतही नव्हतो.”

का? कारण त्यांनी माफी मागितली असती तर पत्रा काढावा लागला असता. मला माफी नको होती. मला ते बाकावर बसलेले हवे होते.

ती माझ्याकडं बघत राहिली. माझं खोटं तिला कळलं होतं. “मग बरं,” म्हणाली, आणि डावा हात उचलून पत्र्याकडं तोंड करून हात जोडले.

थंडीत ती गेली. त्याच खाटेवर. मी खांदा दिला. घर सोडून जाताना साहेबांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “परक्या गावात तुम्ही सांभाळून घेतलंत.” तेव्हाही मी बोललो नाही. मी त्यांना बाकावर का बसवत होतो, हे त्यांना अजून माहीत नाही.

साहेबांवरचा राग गेलेला नाही. तो वेगळा. ती त्या रागात कुठंच नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

नवे भाडेकरू विचारतात, हा पत्रा इथं कशाला? टाकीसाठी, मी सांगतो. चार बोल्ट आहेत. पाना घरातच आहे.

पत्रा मी काढलेला नाही.