राहून गेलेल्या तीन ओळी

माझी मोठी बहीण बसस्थानकावर घोषणा करते. काचेची खोली, एक खुर्ची, एक माइक आणि एकोणीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे प्रत्येक वेळी दोनदा सांगायचं, असा नियमच आहे. ताई म्हणते, पहिल्यांदा माणूस नुसता दचकतो, ऐकतो ते दुसऱ्यांदा. आख्ख्या गावाला तिचा आवाज ओळखीचा आहे, चेहरा कुणालाच नाही.

तिच्या कविता मात्र माझ्याशिवाय कुणी ऐकल्या नव्हत्या. जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर ती लिहायची आणि तिथल्याच कपाटात ठेवायची, कारण घरी बाबा. बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि घरात आमच्या परीक्षा घेतल्या. कविता म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तरी गेल्या महिन्यात ताईने हट्टच धरला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी संध्याकाळी ओपन माइक असतो, कुणीही यावं आणि आपलं लिखाण वाचावं. तिथे ती वाचणार आणि बाबांनी यायचंच. कविता बाबांवरच होती. पहिली तीन कडवी म्हणजे नुसती तक्रार. शेवटचं तेवढं वेगळं:

पण माझी पहिली घोषणा ऐकायला
फलाटावर उभे होतात तुम्ही,
कुठल्याच गाडीने न जाता.

त्या दिवशी काचेतून तिने त्यांना पाहिलं होतं आणि एकोणीस वर्षांत कधी ते सांगितलं नव्हतं. समोरासमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. कवितेतून का होईना, तिला हे एकदा त्यांच्या कानावर घालायचं होतं.

प्रत्येकाला पाच मिनिटं, मग घंटा. मनातल्या मनात वाचून तिने वेळ मोजली होती, तीन मिनिटं. पण मोठ्याने वाचायचा सराव केला तो त्याच काचेच्या खोलीत, माइक बंद करून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. तिथेच घात झाला.

"तुमच्या हातात नेहमी घड्याळ होतं, माझ्या हातात तुमचं बोट नव्हतं," त्या रविवारी तिने वाचलं, क्षणभर थांबली आणि तेच पुन्हा वाचलं. लोकांना वाटलं, ही वाचायची तऱ्हाच असेल. दुसऱ्या कडव्यापासून मागची रांग तिच्याबरोबर दुसऱ्यांदा म्हणायला लागली आणि खोलीत हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातांनी खुणा करत होते. चूक तिच्याही लक्षात आली होती, पण जित्याची खोड. ओळ संपली की जीभ आपोआप मागे फिरायची. बाबा माझ्या शेजारी ताठ बसून आपल्यावरच्या तक्रारी दोनदोनदा ऐकत होते.

तिसरं कडवं संपलं आणि घंटा वाजली. ताई म्हणाली, "तीनच ओळी राहिल्यात."

"म्हणजे सहा," निवेदिका हसत म्हणाली आणि तिने माइक काढून घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या वेळी असंच काहीतरी मजेशीर घेऊन या, असंही तिने वर सांगितलं. बाबा त्या टाळ्यांतच उठून जिना उतरले.

ताईने त्या रात्री कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी ताट उचललं, कागद तिथेच. मग ती आपल्या खोलीत जाऊन रडली आणि सकाळी कामावर गेली. मला दोघांचाही राग येतो. तीन ओळी तोंडाने सांगायला हिची जीभ रेटत नाही आणि कागद उलगडायला त्यांचा हात उठत नाही.

आणखी एक गोष्ट. बाबा रोज संध्याकाळी स्थानकावरच्या बाकावर जाऊन बसायचे. मोकळी हवा घ्यायला म्हणे, त्या डिझेलच्या धुरात! आता ते उलट्या दिशेला, पाण्याच्या टाकीकडे जातात. तिथे स्थानकाचा कर्णा ऐकू येत नाही.

काल न राहवून मी त्यांना दारातच अडवलं. कविता अर्धवट राहिली होती, शेवट तेवढा ऐका, असं म्हणून कागद उघडला.

"ऐकली की," चपलेत पाय सरकवत बाबा म्हणाले, "दोनदा ऐकली."

आणि ते टाकीकडे निघाले.