बोंबलांशेजारचा फिल्टर

गाडीच्या ऑइल फिल्टरबद्दल मला काही माहिती असायचं कारण नव्हतं. मी गोदामात मालाची आवक-जावक बघते, घरी येऊन स्वयंपाक करते आणि मधल्या वेळात जमेल तसं भांडते. पण आमच्या घरात हा विषय असा काही पेटला की आता मी कुणाच्याही साखरपुड्यात फिल्टरवर बोलू शकते. नवरा म्हणतो, बोलू नकोस.

माझं माहेर साताऱ्याकडचं आणि सासर खाडीकाठच्या करावे गावातलं. सासऱ्यांची खाडीत होडी होती, मशीनवाली. खाडीत मासळी उरली नाही आणि गुडघेही साथ देईनात, तेव्हा त्यांनी ती विकली. त्यानंतर नुसते ओट्यावर बसायला लागले आणि समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला गाड्या कशा लावून घ्यायच्या ते शिकवायला लागले. वॉचमन वैतागला, सासूबाई वैतागल्या, आणि मला तर बघवेना. ज्या माणसाचे हात जन्मभर काळे, त्याचे हात एकदम स्वच्छ दिसायला लागले की घरातल्यांना काळजी वाटते.

मग मी माझ्या पगारातून एक सेकंडहँड गाडी घेतली, द्रोणागिरीला कामावर जायला. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, गॅरेज कशाला, मी हाय ना. त्यांनी गोणी अंथरली, गाडीखाली शिरले आणि चांगले काळे होऊन बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी जेवताना पुन्हा भात मागून घेतला. तेव्हापासून गाडी चालवायची मी आणि सांभाळायची त्यांनी, असं आपोआप ठरून गेलं.

नवऱ्याला हे पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, होडीचं इंजिन वेगळं, गाडीचं वेगळं, सरळ सर्व्हिस सेंटरला दे. एकदा बाबांनी कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलं, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं की आता पुन्हा काही बिघडलं तर बाबांनी गाडीला हात लावायचा नाही. बाबांनी मान डोलावली. मला मात्र दिसत होतं की गाडी गेली तर या माणसाला पुन्हा ओटा आणि तो वॉचमन, एवढंच उरणार आहे.

आमच्या गच्चीत दोरीवर बोंबील सुकत घातलेले असतात. त्यांच्या शेजारी अधूनमधून चिमट्याला लटकलेली एक गोल, काळपट वस्तू दिसायची. मला वाटायचं, हीसुद्धा कुठली तरी मासळीच असणार. मी विचारलं नाही. या घरात मासळीबद्दल विचारलं की ती ताटात येते.

एका सकाळी कामावर जाताना उलव्याच्या पुढे गाडीत लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीचं चित्र असतं तो. हा दिवा लागला की पुढे एक पाऊल टाकायचं नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, हे बाबांनी मला दम देऊन शिकवलं होतं. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि नवऱ्याला न कळवता बाबांना फोन लावला. शेजारून कंटेनर जात होते आणि प्रत्येक वेळी गाडी हलत होती. बाबा पान्यांची पिशवी घेऊन रिक्षाने आले. त्यांनी इंजिनातली पट्टी ओढून ऑइल किती आहे ते बघितलं. भरलेलं होतं. पुसून पुन्हा बघितलं. ऑइल आहे पण इंजिनात फिरत नाही, एवढंच म्हणाले.

गाडी ओढून जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. माझ्या गाडीचा फिल्टर पत्र्याच्या डब्यात बंद केलेला नसतो. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण फिरवून काढलं की आत घड्या घातलेल्या कागदाचं नुसतं नळकांडं असतं. मेकॅनिकने झाकण काढलं तर आतून पिळलेल्या पोछ्यासारखं काहीतरी बाहेर आलं. घड्या आत दबलेल्या, कागद फाटलेला, तुकडे ऑइलमध्ये. त्याने सांगितलं की ऑइल बाहेरून दाब देत कागदातून आत जातं. कागद दमदार असेल तर दाब सोसतो. कच्चा असेल किंवा घाणीने तुंबलेला असेल तर आत कोसळतो आणि मग तुकडे जाऊन वाट बंद करतात.

"डुप्लिकेट माल आहे," तो म्हणाला. "मॅडम, तुम्हाला दुकानदाराने फसवलं."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुकानदार गुन्हेगार, बाबा सुटले, गाडी पुन्हा त्यांचीच. शिवाय मला भांडायला कायदेशीर कारण मिळालं. दर वेळी नवा फिल्टर त्याच्याकडून मीच आणून द्यायचे. मी मोबाइलमध्ये दुकानदाराचा नंबर शोधायला लागले. काय काय बोलायचं ते मनात तयार होतं. बिचारा हसतमुख माणूस, मला न मागता कॅलेंडर द्यायचा. ते सगळं विसरायची माझी तयारी होती. आज त्याची धडगत नव्हती, आणि हे बाबांना माझ्या तोंडावरून कळत होतं. ते घरात माझी भांडणं ऐकत आलेत.

"त्याला नको बोलू," बाबा म्हणाले. "फिल्टर चांगला होता. मी धुतलाय त्यो."

मेकॅनिकचा हात थांबला. कशाने धुतला, त्याने विचारलं. बाबांनी काही न लपवता सांगितलं. आधी डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासायचा, मग वास जायला साबणाच्या पावडरीत, मग गच्चीत उन्हात. मेकॅनिकने विचारलं, कितीदा? बाबांनी वर पत्र्याकडे बघितलं.

"दर टायमाला."

होडीच्या मशीनचा फिल्टर तारेच्या जाळीचा होता. तो असाच धुऊन-वाळवून पुन्हा बसवायचा आणि वर्षानुवर्षं चालायचा. बाबांचा हिशोब सरळ होता. फिल्टर डब्यात बंद असेल तर टाकायचा. उघडून हातात येतो, म्हणजे धुवायचाच असणार, नाहीतर कंपनीने तो उघडता कशाला ठेवला असता? मी यावर बराच विचार केलाय. कागद सोडला तर मला त्यात चूक सापडत नाही.

त्या वेळी मात्र मला त्यांचा भयंकर राग आला. धुतला म्हणून नाही, सांगितलं म्हणून. अहो, गप्प बसायचं ना! आयते सुटत होतात तुम्ही. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

इंजिन वाचलं. गाडी लगेच बंद केली म्हणून वाचलं, मेकॅनिक म्हणाला. मी घरी हे तीन-तीनदा सांगितलं, की बंद करायला कुणी शिकवलं होतं ते जरा आठवा. नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो फक्त म्हणाला की आपलं ठरलं होतं. बाबांनी पुन्हा मान डोलावली. मग ते आत गेले आणि कपाटातून मी आजवर आणून दिलेले सगळे नवे फिल्टर घेऊन आले. एकाचंही खोकं उघडलेलं नव्हतं. चांगल्या वस्तू कशाला वापरून संपवायच्या, म्हणून त्यांनी जपून ठेवले होते. ते त्यांनी माझ्यासमोर मांडले आणि पान्यांची पिशवी होडीवरच्या जुन्या जाळ्याशेजारी खिळ्याला टांगून टाकली. दुसऱ्या दिवसापासून ओटा आणि वॉचमन.

पुढचं ऑइल बदलायची वेळ येईपर्यंत मी कळ काढली. नवऱ्याने सर्व्हिस सेंटरला रविवारची वेळ घेतली होती. त्या सकाळी मी खिळ्यावरची पिशवी काढली आणि ओट्यावर बाबांच्या मांडीत ठेवली. ते नको म्हणाले. आता मना भरवसा नाय माजा, म्हणाले. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

"गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणाले. "कुणी हात लावायचा ते मी ठरवणार. उठा."

नवरा दारात आला होता. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि भाजीची पिशवी घेऊन बाजारात गेला.

या वेळी मी शेजारी बसून होते. बाबांनी झाकण फिरवलं आणि जुना फिल्टर बाहेर काढला. धड होता, काळा, घड्या जागच्या जागी. त्यांनी तो निथळू दिला. मग फिरवून बघितला, फुंकर मारली, अंगठा घड्यांवरून हळूच नेला. त्यांनी खोकं फाडून नवा फिल्टर काढला, नवी रबराची रिंग लावली आणि झाकण बसवलं. जुना अजून त्यांच्या डाव्या हातातच होता. त्यांनी एकदा गच्चीकडे बघितलं आणि तो माझ्यापुढे धरला.

"ह्यो तू टाक, बाय," ते म्हणाले. "माज्याकरं ऱ्हायला तं मी धुवीन."