उजव्या हाताची विंग

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. मालिकांच्या निमित्ताने मुलाखती दिल्या, त्यांत तर मुळीच नाही. उलट तिथे जे बोललो ते आठवलं की एकटा असलो तरी मान खाली जाते. गेल्या महिन्यात गणपतभाऊ गेले. भंडाऱ्याहून एका वार्ताहराचा फोन आला, तुमच्या गुरूंविषयी दोन शब्द सांगा म्हणून. मी दोनाचे वीस केले — सगळे गुळगुळीत. फोन ठेवला आणि वाटलं, आता तरी? म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत असलात तर मिशीवाला इन्स्पेक्टर म्हणून, नाहीतर नायिकेचा तापट बाप म्हणून. आपली ओळख तेवढीच, ते बरंच आहे.

भाऊ आसगावच्या राइस मिलमध्ये मशीन चालवायचे. धान घरात आलं, गावोगाव मंडई भरायला लागली की तेच भाऊ झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे हिरो व्हायचे. मंडई म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा. घरोघर पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, आणि नाटक हवंच. नाटकाशिवाय मंडई म्हणजे लग्न आहे आणि नवरदेव नाही! दुपारपासून जीपवरचा भोंगा गावात फिरायचा, बाया लवकर स्वयंपाक उरकून पोरं, पांघरुणं घेऊन मांडवात जागा धरायच्या. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, पण भाऊ 'आपला जिल्हा' म्हणायचे तेव्हा तिकडची गावंही त्यात असायचीच. नाटकाला कुठली आली सरहद्द?

मी त्यांचा प्रॉम्प्टर. आज हे नाटक, उद्या ते, परवा तिसरंच — पाठांतराला वेळ कुणाला? हिरोलासुद्धा निम्मी वाक्यं विंगेतूनच मिळायची. आवाज फेकायला भाऊंनीच मला शिकवलं. मिल सुरू असताना मला दाराशी उभं करायचे आणि म्हणायचे, बोल. कोंडा नाकातोंडात जायचा, पट्टा धडधडायचा, आणि मी त्या गोंगाटावरून वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवायचो. पोचलं की हात वर करायचे. त्या वर गेलेल्या हातासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. पुढे मुंबईत सगळे मला सांगायचे, अहो, माइक आहे, जरा हळू बोला. प्रत्येक वेळी मला ती मिल आठवायची.

त्याच मिलने भाऊंचा डावा कान नेला होता. पार गेलेला. ही गोष्ट नाटक कंपनीत फक्त मला ठाऊक होती, कारण प्रॉम्प्टरला ठाऊक असावीच लागते. कंपनीच्या मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोस्टरवरून फोटो गेला असता. म्हणून मी कायम नटाच्या उजव्या हाताच्या विंगेत बसायचो, आणि भाऊ मोठी भाषणं बरोबर त्या बाजूला सरकून म्हणायचे. लोक म्हणत, काय ऐट आहे उभं राहण्याची! आम्ही दोघं मनातल्या मनात हसायचो.

मग सानगडीची मंडई आली.

मुंबईचा एक मालिकावाला गावातल्या गुरुजींकडे पाहुणा आला होता. त्याला आमच्याकडची बोली बोलणारा नट हवा होता, असं मालकाने सांगितलं. भाऊ पंचावन्नचे होते. दुपारी आरशासमोर बसून स्वतःच मिशी रंगवत मला म्हणाले, "बाबू, आज चांगलं देजो. आज मले पाहाले आले हायेत." डोळे असे चमकत होते की मला — कसं सांगू? — मला राग आला. यांना काय करायचं आहे आता मुंबईला जाऊन? मी पंचवीसचा. अख्खं नाटक मला तोंडपाठ. आणि मी आयुष्यभर विंगेत स्टुलावर बसायचं?

तुम्ही म्हणाल, एवढंच? वाटण्याने काय होतं? खरंच, वाटण्याने काहीच झालं नसतं.

जनरेटर उजव्या विंगेमागे लावला होता. दोन अंक मी तिथेच बसलो, आणि भाऊ असे रंगले की दोन वन्समोर घेतले. तिसऱ्या अंकात भाऊंचं, म्हणजे नाटकातल्या बापाचं, मोठं भाषण. त्याआधी मी स्टूल उचललं आणि डाव्या विंगेत नेऊन ठेवलं. मालकाने विचारलं तर म्हणालो, तिकडे जनरेटरचा फार आवाज आहे. जनरेटरचा आवाज! मिलच्या गोंगाटावर बोलायला शिकलेला मी.

भाऊ नेहमीसारखे उजवीकडे सरकले. पहिली चार वाक्यं आली. मग अडले. उजव्या विंगेत पाहिलं, तिथे कुणी नाही. त्यांच्या चांगल्या कानाशी नुसती धडधड, आणि मी मेलेल्या कानाच्या बाजूने वाक्य देत होतो. आणि ऐका, हेच मला सांगायचं होतं. मी हळू दिलं नाही. मी ओरडून दिलं. त्यांनी शिकवलेल्या आवाजात, पुन्हा पुन्हा, तेच वाक्य. पुढच्या रांगांना शब्दन् शब्द ऐकू जात होता. कुणीतरी ओरडलं, "आमाले आयकू येऊन रायलं, याले काहून नाई येत?" मांडव हसला. सगळा मांडव. म्हणजे बघा, माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. प्रॉम्प्टर बिचारा घसा फोडतोय, नटच बहिरा!

भाऊंनी शेवटी डावीकडे पाहिलं. मी दिसलो. क्षणभर पाहिलं, आणि स्वतःच्या पायांनी आत आले. रागावले नाहीत. डोक्यावरचा फेटा काढला, माझ्या डोक्यावर ठेवला, शेमला नीट केला. "जाय बाबू. पब्लिक बसून हाय."

मी गेलो. भाषण कसं झालं असेल? उत्तम झालं. टाळ्या अजून आठवतात — नाही म्हटलं तर खोटं होईल. आठ दिवसांत मुंबईहून बोलावणं आलं. आधी हवालदार, मग इन्स्पेक्टर, मग बाप, मध्येच मोठ्या रंगमंचावरची दोन नाटकं. मुलाखतींत मी सांगायचो, गुरूंची तब्येत त्या दिवशी अचानक बिघडली आणि त्यांनी आपला फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. फेट्याचं तेवढं खरं होतं. भाऊंना पुढच्या मोसमात कुणी बोलावलं नाही, त्याच्या पुढेही नाही. घरच्या टीव्हीवर त्यांनी माझ्या मुलाखती पाहिल्या असणार. त्यांनी कधीच कुणाला खरं सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आसगावला गेलो, सांगायचंच असं ठरवून. मंडईचे दिवस होते. आधी जाहिरातीच्या जीपचा भोंगा कानावर आला. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. मिश्या पांढऱ्याशुभ्र. मला पाहून इतके हसले की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मी बाजेवर त्यांच्या डावीकडे बसलो. चुकून नाही. मी जागा निवडून बसलो. आणि त्या मेलेल्या कानाशी सगळं बोलून टाकलं, मिशीच्या रंगापासून स्टुलापर्यंत. अगदी हळू आवाजात. भाऊ समोरच्या धानाच्या तणसाच्या ढिगाकडे पाहत होते.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी बाजेवर उजव्या अंगाला हाताने थापटलं.

"इकडं येऊन बोल ना, बाबू. तुले तं मालूम हाय."

मी उठलो, उजवीकडे जाऊन बसलो, आणि यंदा धान कसं झालं ते विचारलं.