बांधावरची गस्त

आमचे दाजी भागवतराव फौजेतून हवालदार होऊन केदारखेड्याला परतले, तेव्हा गावाला वाटलं, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार. पण लडाखच्या सीमेवर इतकी वर्षं काढूनही दाजींनी एक गोळी झाडली नव्हती.

"तिथं गोळी चालवायचीच न्हाई. समोरचा वीतभर पुढं सरकतो, खुणा करून जातो. आपण रोज जाऊन उभं राह्यचं, बस्स," ते सांगायचे. ऐकणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा.

मला मात्र त्यांच्या शेताशेजारचा मच्छिंद्र आठवायचा. दर पेरणीला तो नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, बांधात घालायचा. एवढ्याशासाठी भांडणार कोण? कोर्टात जावं तर जन्म जातो, काठी उचलावी तर पोलीस केस. पण त्याच बांधावरून माझ्या बहिणीच्या, सुरेखाच्या शेतात जायची एकुलती एक वाट होती. बैलगाडी आधीच कशीबशी जायची.

दाजींनी फौजेतलाच उपाय काढला. रोज सकाळी बांधावर गस्त, खुणेच्या दगडांना चुना, तिथंच बसून चहा आणि मच्छिंद्र दिसला की खणखणीत रामराम. त्या वर्षी नांगर बांधाला शिवला नाही. मी तर दाजींचं कौतुक पार मंठ्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटलो.

पुढच्या पेरणीआधी सुरेखाने विचारलं, "वाट रुंद कशी काय झाली वो?"

दाजी म्हणाले, "दगड जरा पलीकडं सरकवले. तो कोरणारच हाय. कोरला तरी बांध बराबर जागेवर येईल."

"मंग त्याच्यात अन् तुमच्यात फरक काय राह्यला?"

मलाही दाजींचा संताप आला. चांगला शहाणा माणूस, आणि ही अक्कल!

दुसऱ्या सकाळी दाजी पहार घेऊन दगड मागे घ्यायला निघाले. मीही सोबत होतो. दगड हलताना दिसला आणि मच्छिंद्र काठी घेऊन धावत आला.

"फौजी, आजून किती खाणार?"

"मागं घेऊन राह्यलो."

"कोण मानंल?"

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी पहार मच्छिंद्रच्या पायाशी टाकली. "तूच लाव. तू लावशील ती हद्द."

वाट आता त्याच्या हातात होती.

मच्छिंद्रने काठी ठेवली, दगड उचलला आणि सरळ मोजणीच्या जुन्या जागेवर नेऊन बसवला. त्याला शोधावं लागलं नाही. ती जागा दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होती.