वाकडं हाड

आज नातीनं पेन्सिल तासली. त्या लाकडाच्या वासानं मला एक जुनी सकाळ आठवली.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. माझी सुमन तिथल्या बूढापारा मोहल्ल्यात चित्रकला शिकायला जायची. माणसाची हाडं कशी बसलेली असतात, ते समोर माणूस बसवून काढायचं होतं. घरी दार लावून ती मलाच खिडकीशी बसवायची.

"आई, हलू नको ना!"

"काय करू पोट्टे, माशी बसून राहिली नाकावर!"

लहानपणी विटा वाहताना मी पडले होते. गळ्याखालचं डावं हाड वाकडंच जुळलं. सुमननं तीन दुपारी बसून ते जसंच्या तसं उतरवलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली. चित्र मनानं काढलंय, पुढच्या वर्गात घेणार नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन मला घेऊन गेली. "तुले बोलाचं नाही आई, फक्त दाखव."

सर म्हणाले, "बेटा, ऐसी हड्डी किसी की नहीं होती." मग माझ्याकडे वळले, "माताजी, आपको कुछ कहना है?"

सुमन माझ्याकडे बघत होती. पदर चार बोटं सरकवायचा होता, एवढंच. आज वाटतं, त्यात काय होतं? पण तेव्हा वर्गातली सगळी पोरं बघत होती. माझा हात पदरावर गेला आणि त्यानं पदर आणखी घट्ट ओढला. मी मान हलवून नाही म्हटलं.

सुमननं खाली बसून रबर घेतलं आणि माझं हाड सरळ केलं.