राखेतली ज्वारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे ज्वारीला राख लावणं. फाल्गुनातली दुपार होती. अंगणात लिंबाच्या सावलीला बसलो होतो. माझी बायको कौसा, तिनं उभ्या पिकात हिंडून चांगल्या कणसांना चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. ती कणसं राशीआधीच वेगळी बडवली, दाणे पाखडले, आन् गोवऱ्याची चाळलेली राख घेऊन बसली. ती दाणे चोळायची, मी वरनं राख सोडायचो. माझा हात जड. जरा जास्त पडली की म्हणाली, "अवं, बी हाय ती. राख लावायची हाय, पुरायचं न्हाय तिला."

"मग तूच सोड."

"मला काय चार हात हायत व्हय?"

एवढंच बोलणं. ध्यानात ठेवावं असं त्यात काहीच न्हाय. पण शेवटचं आहे हे आधी कुणी सांगत न्हाय, म्हणून जे हाताला लागलं तेच धरून बसलोय.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या ती आडवी झाली. गावातला डॉक्टर येईस्तोवर संपलं होतं. राख सावडायला गेलो तवा माझ्या नखात अजून गोवऱ्याची राख होती. हात धुतले होते. ती निघत न्हाय.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय न्हाय. पण गावाकडं राहिलेल्यांना आन् माझ्यासारखं म्हातारपणी गाव सोडून गेलेल्यांना एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून बसलो.

माझं गाव मुरूमच्या अलीकडं. चौदावा झाला आन् पोरगा, दत्ता, टेम्पो घेऊन आला. तो धाराशिवात कारकून आहे. "दादा, एकटं ऱ्हायचं न्हाय," म्हणाला. मी न्हाय म्हणलं न्हाय. भांडायला अंगात ताकद नव्हती. टेम्पोत माझी बाज चढली, खायच्या ज्वारीची पोती चढली, तुरी चढल्या. राखेतल्या बियाची पिशवी मी मांडीवर घेतली. वेशीतनं निघालो तवा बाया दारात उभ्या होत्या. कुणी रडलं न्हाय. हिच्या वेळंला रडून झालं होतं सगळ्यांचं.

ती ज्वारी आमच्या गावची न्हवंच. कौसाचं माहेर हद्दीपल्याड, कर्नाटकात. लग्न होऊन आली तवा तिच्या आईनं पदरात बांधून दिलेली. ती तिला बिळी जोळा म्हणायची, म्हंजे पांढरी ज्वारी. गाव म्हणायचं कौसाची ज्वारी. भाकरी मऊ, कडबा गोड, जनावर वैरण टाकत न्हाय. दरसाल ती म्हणायची, "काय बी करा, माझ्या आईचं बी तुटू देऊ नका." मी हसायचो. आता टेम्पोत मांडीवर पिशवी घेऊन बसलो तवा हसायला आलं न्हाय. बाईमाणूस लगीन लागतं तवाच गाव सोडतं, कवळ्या वयात, आन् दुसऱ्याच्या घरात चूल पेटवतं. आम्ही गडी ते म्हातारपणी शिकतो, आन् लई रडतखडत शिकतो.

रान वाट्यानं दिलं. ज्याला दिलं त्याला एकच अट घातली: बांधाकडची काळी जमीन खरिपात पड ठेवायची आन् रब्बीला तिथं हिचीच ज्वारी पेरायची. तो व्हय म्हणाला. माझं त्या वर्षाचं जगणं तेवढ्यावर टेकलं होतं. भाद्रपद सरला की पेरणी. तोवर पिशवी सांभाळायची.

पोराकडं फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. संडास घरात. पाणी तोटीला. कशाला नावं ठेवायची? गावात हिनं जन्मभर घागरी वाहिल्या. पण जेवण जायचं न्हाय. सून मनीषा, तुळजापूरची, शाळेत मास्तरीण. स्वभावानं गरीब न्हाय, पण मनानं चांगली. गरम वाढायची. मी अर्धं ताट तसंच ठेवायचो. एक दिवस तिनं समोर बसून विचारलं, "मामा, माझ्या हाताला चव नाही का? सरळ सांगा." आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

मी सरळच सांगितलं. "तुझ्या हाताला काय झालंय? पण ह्या पुड्यातल्या तांदळाचं गाव कुठलं, तेलाचं गाव कुठलं, काय म्हाईत न्हाय. वळख ना पाळख, अशा माणसाच्या पंगतीला बसल्यावानी वाटतं मला."

आयतवारी तिनं सगळे डबे ओट्यावर मांडले. म्हणाली, आजपासून ह्या घरात होईल तेवढं जिल्ह्यातलंच खायचं. पुड्याचं तेल गेलं, घाण्यावरचं करडीचं आलं. बिस्किटं गेली, ढोकीकडच्या उसाचा गूळ आला. डाळ माझ्या तुरीची. भाजी बाजारात खाली बसणाऱ्या बायांकडनं, तीबी "मावशी, कुठल्या रानातली?" असं विचारून. बायांना वाटायचं ही बाई पोलिसातली आहे.

दत्ता कुरकुरला. "दादा, तुम्ही एक वाक्य बोललात आन् माझा पुलाव गेला."

"तुझा बाप कवा पुलाव खात व्हता?" मी म्हणलं.

"म्हणूनच मी शिकून नोकरी धरली की!"

चहावर मोठं भांडण झालं. चहा काय धाराशिवात पिकत न्हाय. नात स्वरा, पाचवीत आहे, ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम, आबा." मी म्हणलं, "मग मला गावाकडं पोचीव." शेवटी चहा, मीठ आन् देवीचा नारळ, एवढ्यांना माफी मिळाली. पोरीला नूडल्स पाहिजे होत्या. त्याबदली मनीषानं घरच्या गव्हाच्या शेवयाला फोडणी घालून दिली. पोरगी दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी आणखी दे म्हणाली.

एकदा स्वरानं मला धरलं. "आबा, आजी कर्नाटकातली. मग तिची ज्वारी लोकल कशी?"

मी म्हणलं, "तुझी आजी हितं नांदली, हितं राबली, हितंच जळली. आता ती परकी व्हय?"

मलाच कसंतरी वाटलं. पण खोटं काय बोललो?

खरं सांगतो, गावात आम्ही हेच खात आलो, त्याला कुणी नाव दिलं न्हाय. इथं त्याला नियम लागला, चर्चा लागली. तरी त्या पोरीनं ते माझ्यासाठी केलं. शाळेतनं दमून यायची आन् भाकरी थापायची. आधी तिची भाकरी कडंनं चिरायची. मी म्हणायचो, "ऊन पाण्यात मळ, जरा जास्त मळ." आता फुगती. मी जेवायला लागलो. अंगावर जरा मास आलं. त्यामुळंच मग जे झालं ते झालं; भाकऱ्या वाढल्या आन् खायची ज्वारी म्होरं पुरली न्हाय.

भाद्रपदात मी गावाकडं गेलो, काळीला कुळवाची पाळी घातली का बघायला. घातली होती. रान लोण्यासारखं झालं होतं. वाटेकरी म्हणाला, "अण्णा, बी घिऊन या, आठ-पंधरा दिवसात पेरू." मी हरखून माघारी आलो. सांज झाली होती, पोटात कावळे. मनीषानं ताट वाढलं. भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल. पहिला घास घेतला आन् मी थांबलो. अशी भाकरी मी फाल्गुनापासनं खाल्ली नव्हती. दुसरी मागून घेतली.

"आज भाकरी गोड झाली गं पोरी."

तिचं तोंड फुललं. "मामा, ज्वारी संपली होती. दुकानात गेले तर तो सांगेना कुठली आहे ते. मग माळ्यावर तुमची ती राखेतली पिशवी दिसली. स्वच्छ धुतली, गच्चीवर वाळवली, काल दळून आणली. बाहेरची आणायला लागली नाही बघा."

दत्ता खेड्यातलाच. त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"ते बी व्हतं," मी म्हणलं.

"म्हणजे?"

"पेरायचं. तुझ्या सासूनं कणसं निवडून काढलेलं. सगळं दळलंस?"

ती पांढरी पडली. "किडू नये म्हणून राख लावली असेल, असं वाटलं मला…"

आमच्या गावात राखेतलं धान्य म्हंजे बी, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. त्याला दुष्काळातसुद्धा कुणी हात लावत न्हाय. म्हणून मी सांगितलं नव्हतं. आन् तुळजापुरात वाढलेल्या पोरीला कळावं कुठनं? पण त्या घडीला हे डोक्यात आलं न्हाय. मी बोललो, "आज तुझ्या सासूला खाल्लं आपण."

स्वरा रडायला लागली. दत्ता म्हणाला, "दादा, असं नका बोलू." मनीषा रडली न्हाय. माझ्याकडं बघत म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही, मामा. इतके महिने ह्या घरात नियम चालू आहे, पण ती पिशवी कशाची, हे एकानंही सांगितलं नाही."

मी ताटातली भाकरी संपवली. टाकायची कशी? पिठाचं काय परत बी होत न्हाय.

मी हात धुवून आलो तवा ती तिथंच बसली होती. "गावात आणखी कुणाकडं असेल का?"

"असंल. ती देत व्हती बायांना. कुणाला दिलं, मला काय म्हाईत? बियाचं देणं-घेणं बायांचं. गड्यानं त्यात तोंड घालायचं न्हाय."

"मग मी कोण आहे?" ती म्हणाली. "उद्या रजा टाकते. मला घेऊन चला."

सकाळी पहिल्या एस्टीनं निघालो. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं, उमरगा आलं. तिथं गाडी बदलताना तिनं चहा आणून दिला. मी घेतला.

सोयाबीन काढणीला आलं होतं, निम्मी दारं बंद. पहिल्या दारातली बाई म्हणाली, "कौसाबाईचं बी? व्हतं, अण्णा. आता कोण ठेवतंय? दुकानात पिशवी मिळती." दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या घरची ज्वारी उंदरानं खाल्ली. मी वळलो. म्हणलं, चल पोरी, झालं. ती म्हणाली, "अजून त्या गल्लीत गेलोच नाही."

गल्लीच्या टोकाला सुगंधाबाई राहती. कौसाची मैतरीण, दोघी खुरपायला बरोबर जायच्या. मला दाजी म्हणती. शेळीला पाला टाकत होती. मला बघून कंबरेवर हात ठेवला. "आली व्हय आठवण? मला वाटलं धाराशिवानं गिळलं तुमाला."

मनीषानं तोंड उघडलं, पण मला वाटलं, हे मीच बोललं पाहिजे. जन्मात कुणाच्या दारात बी मागितलं न्हाय. "सुगंधाबाई, आमचं बी हाय का तुझ्याकडं?"

"तुमचं कशाचं? कौसाचं हाय." ती म्हणाली. "आन् कौसाचं काय झालं? राखंत घालून ठेवलं व्हतं न्हवं तिनं?"

मनीषा म्हणाली, "मावशी, ते मी दळलं. मला ठाऊक नव्हतं."

सुगंधाबाईनं तिला वरपासनं खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालती. तर म्हणाली, "पोटात गेलं न्हवं? उंदरापरीस बरं." आन् आत गेली.

सुपात घेऊन आली, राखेनं करडं झालेलं. मी पिशवी पुढं केली. माझा हात बाजूला सारत म्हणाली, "बाजूला व्हा दाजी. बी वटीत घालायचं असतं. ये गं." मनीषा पंजाबी ड्रेसवर. सुगंधाबाई थांबली. "पदर कुठाय?" मनीषानं ओढणी पसरली. "ह्या फडक्यात? गळून जाईल सगळं," सुगंधाबाई म्हणाली, आन् स्वतःच ओढणी दुहेरी करून, गाठ मारून दिली. मग सूप ओतलं. "सुगीला सवाईनं माघारी द्यायचं. ह्यांच्याकडनं न्हाय घेणार, तुझ्याकडनं घीन."

"देते," मनीषा म्हणाली. आता रडली. काल रडली न्हाय ती आता रडली.

मी लांब उभा राहिलो. तिथं माझं काम नव्हतं. कौसाबी अशीच कुणाच्यातरी पुढं पदर पसरून उभी राहिली असंल, पहिल्या साली. मी तवा बघितलं न्हाय. गडी कुठं बघतात?

आम्ही काळीवर जाऊन वाटेकऱ्याला बी दिलं. मूठभर मनीषानं ठेवून घेतलं, राखेसकट, आन् ह्या खेपेला मला विचारून ठेवलं. परतताना सुगंधाबाई पुन्हा वाटेत आडवी आली. "ऱ्हावा की आजच्या दिस दाजी. भाकरी खाऊन उद्या जावा. आपलं घर सोडून पळताय काय?"

"न्हाय बाई," मी म्हणलं, "नात शाळेतनं येती. घरी दार उघडायला कुणी न्हाय."

म्हणलं, आन् एस्टीच्या रस्त्याला लागलो.