हिंगाचं पाणी विकणारा मामा

हिंगाचा वास आला की मला मोर्शीतलं ते लग्न आठवतं. संत्र्याच्या बागा वाळत होत्या त्या वर्षांत एक नवरा-बायको गावोगाव हिंगाचं पाणी झाडांचं औषध म्हणून विकत फिरत होते. त्यांच्याविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं. दोघं आमच्या शेजारच्या काकूंकडेच उतरलेत असं कळलं, तसा मी हवालदाराला घेऊन तिथे धडकलो. मांडवात काकूंच्या मुलीचं लग्न लागत होतं. काकूंना सख्खा-चुलत एकही भाऊ नव्हता, आणि नवरीमागे मामा म्हणून फेटा बांधून तोच भामटा उभा होता, डोळे पुसत. त्याची बायको अक्षता वाटत होती. मी काकूंच्या कानात म्हणालो, "काकू, हा ठग आहे." "मले मालूम आहे. पयला डबा माह्याच बागेत रिकामा केला त्यानं," काकू म्हणाल्या. "पण नवरीमागं मामा कोन उभा राहीन? तुह्या पत्रकातून मामा निघते का?" हवालदारानं विचारलं, "कोनाले धराचं आहे, भाऊ?" मंगलाष्टकं चालू होती. मी म्हणालो, "इथं नाही तो." पंगतीत जिलबी वाढायला तोच आला. "घ्या भाचेबुवा," म्हणाला, आणि मी घेतली. त्यानंतर त्यानं आणखी कोणाच्या बागेत ते पाणी खपवलं असेल, तर त्यात माझा दोष किती, हे मला आजही ठरवता येत नाही.